मामांचं घड्याळ

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या सभागृहात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दिलेला विषय होता 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं'. मी त्यांना म्हटलं, त्यावर बोलणारे आपल्या बॅचमध्ये बरेच आहेत आणि ते ग्रुपवर रोज सकाळी बोलतातच. मला पंधरा मिनिटं एका घड्याळाविषयी बोलू द्या.

हे ते घड्याळ. मागच्या रांगांना दिसणार नाही, पण तुम्ही सगळ्यांनी ते लांबून पाहिलेलं आहे. व्हरांड्याच्या टोकाला जो माणूस उजव्या हातात घंटेचा टोला धरून उभा असायचा, तो टोला मारण्याआधी डाव्या मनगटाकडे बघायचा. त्या मनगटावर हे होतं. तुम्ही त्यांना मामा म्हणायचात. माझे ते आप्पा. आपल्या शाळेचे शिपाई.

आप्पांना जाऊन आता दोन वर्षं होतील. घरात वाटणी करण्यासारखं फारसं नव्हतंच. धाकट्या भावाने त्यांची सायकल मागून घेतली आणि घड्याळ माझ्याकडे आलं. भाऊ म्हणाला, "ताई, त्याच्यावर सतरा ज्युएल्स लिहिलंय. सतरा माणकं! विकलंस तर अर्धे मला दे." तो थट्टेत बोलत होता, पण अगदी सगळं थट्टेत नव्हतं. आमच्या घरात त्या घड्याळाचा एक दबदबा होता. ते स्विस होतं, आणि १९७६ साली निवृत्त झालेल्या मुख्याध्यापकांनी शेवटच्या दिवशी स्वतःच्या हातातून काढून आप्पांना दिलं होतं, असं आप्पा सांगायचे. भावाचा या गोष्टीवर कधी विश्वास बसला नाही. त्याचं म्हणणं, आप्पांनी कुठूनतरी जुनं घेतलं असणार आणि शिपायाच्या हातात स्विस घड्याळ कसं, असं कुणी विचारू नये म्हणून गोष्ट रचली असणार.

मी इंजिनिअर. वाद असला की आधी पुरावा काढायचा, ही सवय. म्हणून ठरवलं की हे घड्याळ नेमकं काय आहे आणि त्याची किंमत काय, हे शोधायचं.

तबकडीवर लिहिलंय 'फेवर ल्युबा, सी चीफ'. आपल्या आधीच्या पिढीला हे नाव सांगावं लागत नाही. १७३७ सालापासूनची परंपरा सांगणारी ही स्विस कंपनी एकोणिसाव्या शतकापासून मुंबईत होती. लग्नात जावयाला, निवृत्तीला साहेबाला हेच घड्याळ दिलं जायचं. पुढे आयातीवर बंधनं आली, १९६१मध्ये जपानच्या सिटीझन कंपनीच्या मदतीने एच.एम.टी.ची घड्याळं बंगळुरात बनायला लागली आणि 'जनता'सारखं देशी घड्याळ सामान्य माणसाच्या हातावर आलं. तेव्हा आप्पांच्या पगाराच्या माणसाच्या हातावर असलंच तर एच.एम.टी. असायला हवं होतं. भावाची शंका अगदीच वेडी नव्हती.

तुमच्यापैकी अनेकांच्या कपाटात वडिलांचं किंवा आजोबांचं असं एखादं घड्याळ पडून असेल, म्हणून मी शिकले ते सांगते. पहिलं म्हणजे घरी चाकू लावून मागचं झाकण उघडू नका. चकचकीत पॉलिशही करून घेऊ नका, कारण पॉलिशने कडा झिजतात आणि एकदा झिजलेली कड परत येत नाही. वर्षानुवर्षं पडून असलेल्या घड्याळाला चावी देऊन 'बघूया चालतंय का' हेही करू नका. आतलं तेल सुकून चिकट झालेलं असतं आणि तसंच चालवलं तर चाकांचे आस झिजतात. हे तिसरं मी केलं होतं. चालू झालं म्हणून टाळ्याही वाजवल्या होत्या.

मग पुण्यात पेठेतल्या एका गल्लीत एक म्हातारे घड्याळजी सापडले. दुकान एवढंसं की गिऱ्हाइकाने रस्त्यावरच उभं राहायचं. मी वाकून बघू लागले तर म्हणाले, "मॅडम, उजेड अडवू नका." त्यांनी आधी झाकणाची बाहेरची बाजू दाखवली. तिथे 'स्टेनलेस स्टील बॅक' असं लिहिलं असेल तर नीट वाचायचं. स्टील फक्त पाठीला असतं, बाकीची केस साध्या धातूची आणि वर मुलामा. पूर्ण स्टीलच्या केसवर तसं 'बॅक' लिहायची गरज नसते. आमचं मुलाम्याचं निघालं. चावीजवळ आणि पट्ट्याच्या दांड्यांपाशी पितळ दिसत होतं.

मग त्यांनी झाकण उघडलं. घड्याळाची खरी ओळख तबकडीवर नसते, ती आत असते. तबकडी कुणीही बदलू शकतो. आतल्या यंत्रावर, बहुधा बॅलन्स चाकाच्या आसपास, कारखान्याची खूण आणि कॅलिबरचा क्रमांक कोरलेला असतो. कित्येक कंपन्या यंत्र दुसऱ्या कारखान्याकडून घेऊन त्यावर आपलं नाव घालत, त्यामुळे बाहेर एक नाव आणि आत दुसरी खूण दिसली तरी लगेच घाबरायचं नाही. पण आत जे असायला हवं त्याऐवजी भलतंच काही निघालं, तर ते दोन-तीन घड्याळांचे अवयव जोडून केलेलं असतं. आमचं यंत्र अस्सल निघालं, कंपनीच्याच नावाचं. भावाला तिथूनच फोन केला. त्याने पहिला प्रश्न विचारला माणकांचा.

ती माणकंच असतात, पण कृत्रिम. चाकांच्या आसांखाली कमी झिजणारी, गुळगुळीत बैठक लागते म्हणून ती बसवतात. १९०२ साली व्हर्नुई नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने कृत्रिम माणिक बनवायची कृती प्रसिद्ध केली, तेव्हापासून ती कारखान्यात बनतात. सतराच्या सतरा काढून विकली तर आज आपण दुपारी जेवलो त्या थाळीचेही पैसे सुटणार नाहीत. भाऊ म्हणाला, "मग ठेव तुझ्याकडेच."

नंतर घड्याळजींनी तबकडीवर भिंग धरलं आणि नुसतं "अं" म्हणाले. डॉक्टर रिपोर्ट बघताना म्हणतात तसं.

तबकडी रंगवलेली होती. तुम्हाला आठवते ती मोरपिशी निळी तबकडी कंपनीची नव्हेच. मूळ रंग खरवडून, नवा रंग देऊन अक्षरं पुन्हा छापलेली. सहाच्या आकड्याखाली कडेला बारीक अक्षरांत 'स्विस मेड' असायला हवं, ते नव्हतं. मिनिटांच्या रेघा तासांच्या उठावदार खुणांशी जुळत नव्हत्या. कंपनीची वाळूच्या घड्याळाची खूण एका बाजूला कललेली. जुन्या घड्याळांचे शौकीन जगभर अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. मुंबईत अशा तबकड्या रंगवून देणारे कारागीर होते, अजूनही आहेत. झगझगीत निळा, केशरी, हिरवा हे त्यांचे आवडते रंग. शौकिनांच्या लेखी असं घड्याळ म्हणजे बिघडवलेली वस्तू.

किमतीचंही तसंच. विकायला ठेवलेल्या अशा घड्याळांच्या किमती मी पाहिल्या, तर लोक दहा-बारा हजार मागत होते. पण मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत किती अंतर असतं हे लग्नाच्या बैठकीला गेलेल्या कुणालाही माहीत आहे. एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने आमच्या घड्याळाला अडीच हजार सांगितले. तबकडी मूळची असती तर? तो म्हणाला, "मग बसून बोललो असतो."

घड्याळजींनी त्यावर उपाय सुचवला. मुंबईत चोर बाजारात जुन्या सुट्या तबकड्या मिळतात. या मापाची मूळ तबकडी शोधून बसवता येईल, मग घड्याळ जसं होतं तसं होईल आणि किंमतही तिपटीच्या आसपास जाईल. मला ते पटलं. मी आगाऊ पैसे देऊन आलेही. आमच्या भाषेत याला मूळ आवृत्तीवर परत जाणं म्हणतात आणि ते चांगलं मानतात.

घरी येऊन आईला सांगितलं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "निळी काढणार? ती तर माझ्या भिशीच्या पैशातली."

मग तिने सांगितलं ते असं. ऑगस्ट १९९३. आपण आठवीत. पाऊस. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात क्रिकेट चाललेलं, जे बंद होतं. चेंडू गेला पाण्याच्या हौदात. चेंडू कुणाचा, ते मी सांगत नाही, तो तिसऱ्या रांगेत बसलाय आणि त्याला घाम फुटलाय. हौदावरचं लोखंडी झाकण अर्धं उघडं होतं. आप्पा धावत आले. चेंडूसाठी नाही, दोन पोरं हौदात वाकली होती म्हणून. त्यांना मागे ओढलं आणि खांद्यापर्यंत हात घालून चेंडू काढून दिला. डावा हात. तो चेंडू दुसऱ्या दिवशी पुन्हा व्हरांड्यात होता, हे तुमच्यातल्या पुष्कळांना आठवत असेल.

सी चीफ. नावात समुद्र, आणि बुडालं शाळेच्या हौदात. पाणी रोखणारं रबरी कडं जुनं झालं की कडक होतं आणि पाणी आत शिरतं. काचेखाली वाफ धरली. आप्पांनी तीन दिवस ते तांदळाच्या डब्यात ठेवलं. यंत्र वाचलं, तबकडी फुगून काळी पडली. गावातल्या घड्याळजींनी ती मुंबईला पाठवली. दीड महिन्याने निळी होऊन आली. खर्च एकशे दहा रुपये, आईच्या भिशीतले. शाळेत त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. सरांनी भरपाई मागायला सांगितली असती आणि मग त्या पोराच्या घरी चिठ्ठी गेली असती.

मी आईला विचारलं, आधी कोणता रंग होता? ती म्हणाली, "पांढरा. का पिवळसर? तू तेव्हा काय लहान होतीस?"

नव्हते. तेरा वर्षांची होते. रोज संध्याकाळी ते घड्याळ आमच्या देवळीत माझ्या डोळ्यांसमोर असायचं. तरी निळ्याच्या आधीचा रंग मला आठवत नाही. निळा झाला, हे आश्चर्य वाटल्याचंही आठवत नाही. कारण त्या वर्षांत मी आप्पांच्या हाताकडे बघतच नव्हते. घरून ते साडेनऊला निघायचे, मी मुद्दाम सव्वादहाला निघायचे. सहावीत असताना एकदा खडूची पेटी आणायला बाईंनी मला पाठवलं, आणि कार्यालयाच्या दारात चार-पाच मुलींसमोर मी त्यांना म्हटलं, "मामा, खडू द्या." त्यांनी दिले. "नीट धर, पडतील," म्हणाले. घरी त्यावर एक शब्द बोलले नाहीत. त्या मुलींतल्या दोघी आज इथे आहेत. त्यांना हे आठवायचं काही कारण नाही.

दुसऱ्या दिवशी मी घड्याळजींना फोन करून तबकडीचं काम थांबवलं. ते जरा वैतागले. म्हणाले, "मग नुसतं साफ करून, तेल घालून देतो. पण झाकण आतून पाहिलंत का तुम्ही?"

ही गोष्ट मला आधी कुणी सांगितली नव्हती, आणि तुम्हाला सांगायलाच हवी. घड्याळ दुरुस्त करणारे लोक काम झालं की पुष्कळदा मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला टोकदार सुईने बारीक खूण ओरखडतात. कुणी तारीख, कुणी स्वतःचं चिन्ह, कुणी वहीतला क्रमांक. तेच घड्याळ पुन्हा आलं तर मागचं काम केव्हाचं ते कळावं म्हणून. मालकाला त्या कधी दिसत नाहीत. आम्ही लोक सर्व्हरवर नोंदी ठेवतो, अगदी तशाच. मी झाकणाचे जवळून फोटो काढले आणि रात्रभर बसून त्या वाचल्या. नोकरीत इतकं मन लावून मी कुठलाच लॉग वाचलेला नाही.

तेरा खुणा आहेत. पहिल्या तीन ३-६८, ११-७१ आणि १-७४. एका हाताच्या, तिरक्या, शेजारी एक त्रिकोण. पुढच्या सगळ्या दुसऱ्या हाताच्या, सरळ आणि ठळक: ५-७७, ५-८०, ५-८३, ५-८६, ५-८९, ५-९२. दर तीन वर्षांनी, आणि महिना प्रत्येक वेळी मे. मे का, हे या सभागृहात सांगायला नको. शाळेला सुट्टी, घंटा बंद. मध्येच एकटी ८-९३. तो आपला चेंडू. मग ५-९६, आपली दहावी. मग थेट ५-०३. आणि शेवटची ५-०६, त्या वर्षी आप्पा निवृत्त झाले.

म्हणजे १९७६च्या आधी हे घड्याळ दुसऱ्या कुणाकडे होतं, दुसऱ्या घड्याळजीकडे जायचं, आणि १९७७पासून आप्पांकडे होतं. भावाला मी हे कागदावर मांडून पाठवलं. त्याने लिहिलं, "यावरून जुनं होतं एवढंच सिद्ध होतं. कुणी दिलं ते नाही." त्याचं बरोबर आहे. कॉमर्सचा असून पुराव्याचा कायदा त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतो.

१९९६ ते २००३ या रिकाम्या जागेपाशी मात्र माझं डोकं अडकलं. १९९८ ते २००२ मी इंजिनिअरिंगला होते. हॉस्टेल, फी, पुस्तकं. मी मनात हिशेब जुळवला की माझ्या फीसाठी आप्पांनी घड्याळाचं तेलपाणी थांबवलं, आणि मला नोकरी लागल्यावर पुन्हा सुरू केलं. दोन दिवस मी या विचाराने कामात चुका करत होते. शेवटी आईला विचारलं. आई म्हणाली, "छे गं. तुझ्या मामाने मुंबईहून सेलवरचं आणून दिलं होतं ना, ते वापरायचे तेव्हा. त्याला चावी द्यायला लागत नाही म्हणून खूश होते. पुढे ते बंद पडलं." मग जरा थांबून म्हणाली, "फी होतीच म्हणा." यापलीकडे ती काही बोलली नाही, आणि दोन्हींतलं खरं कोणतं ते झाकणावर लिहिलेलं नाही.

आता घड्याळ चालतं. यंत्राची गती फोनवर मोजता येते. घड्याळ मायक्रोफोनवर ठेवायचं, टिकटिक ऐकून ॲप आकडा सांगतं. साफसफाईनंतरही ते दिवसाला चाळीसेक सेकंद मागे पडतं. घड्याळजी म्हणाले, या वयाला उत्तम. आप्पांना ते मागे पडतं हे माहीत असणार, कारण सकाळी आकाशवाणीवर प्रादेशिक बातम्या लागल्या की ते चावी ओढून काटे जुळवायचे. रोज. आम्ही भावंडं चहा पीत असायचो आणि बातम्या देणाऱ्याचं नाव येईपर्यंत त्यांच्याशी बोलायची बंदी असायची. ज्या घंटेवर तुम्ही तिमाहीचे पेपर सोडलेत ती त्या काट्यांवर वाजलेली आहे. कुणाचं शेवटचं उत्तर अर्धं राहिलं असेल तर तक्रार माझ्याकडे करा.

रेडियमबद्दल एक सूचना, कारण काल जेवताना दोघांनी विचारलं. अंधारात चमकणाऱ्या काट्यांची १९६०च्या आधीची स्विस घड्याळं असतील तर त्या रंगात बहुधा रेडियम असतं. आता ते चमकत नाही म्हणजे संपलं, असं नाही. चमकणारी पूड थकते, रेडियम सोळाशे वर्षांनी जेमतेम निम्मं होतं. काचेच्या आत आहे तोवर फारसं बिघडत नाही. काच काढून ते खरवडू मात्र नका, आणि पोरांच्या हाती उघडं देऊ नका.

आता माझं काम. व्यासपीठावरच्या दोन बाई आणि एक सर १९७६ साली शाळेत होते. मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभाचा फोटो कुणाकडे असेल तर मला तो मोठा करून बघायचा आहे. त्यांचा डावा हात दिसला तर बरंच कळेल. १९९३च्या आधीचे आपले वर्गाचे फोटोही हवेत. प्रत्येक फोटोत आप्पा डाव्या कडेला पाटी धरून उभे आहेत, बाही बहुतेक वेळा दुमडलेली असते. माझ्याकडे एकही नाही, कारण तेव्हा मी फोटोचे पैसेच घरी मागितले नव्हते. रंगीत असेल तर फार छान, काळा-पांढरा असला तरी तबकडी फिकट होती की गडद एवढं समजेल.

घड्याळ मी पहिल्या रांगेतून फिरवायला देते आहे. हातात घ्या, कानाला लावा. चावी देऊ नका, सकाळी दिलेली आहे. आणि तिसऱ्या रांगेपर्यंत पोचलं की त्याच्याकडे जरा जास्त वेळ राहू द्या.